दोन कोटींचा चित्रपट किती कोटींना सुटतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातला एक म्हातारा नाखवा आणि त्याची विधवा सून यांच्यावर तुम्हाला मराठी चित्रपट करायचा आहे. लेखन तुमचे, दिग्दर्शन तुमचे, आणि संकलनाच्या टेबलावरचा शेवटचा शब्दही तुमचाच राहावा, अशी तुमची अट आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले तुमचे मामा त्यासाठी घणसोलीचे घर तारण ठेवायला तयार आहेत. अंदाजपत्रक १ कोटी ९५ लाखांचे आहे, त्यात जाहिरात आणि प्रदर्शनासाठी ८ लाख धरले आहेत. आणि तुम्ही विचारता की दोन कोटींचे कलेक्शन झाले म्हणजे मामांचे पैसे सुटले असे समजायचे ना?

नाही. दोन कोटींच्या कलेक्शनमध्ये तुमच्या हाती साठ-सत्तर लाख येतील, आणि चित्रपट नीट प्रदर्शित करायला जो खर्च करावा लागतो तो जवळपास तेवढाच असतो. नौपाड्यात राहून गेली बावीस वर्षे मी आधी प्रॉडक्शन कंट्रोलर आणि नंतर कार्यकारी निर्माता म्हणून मराठी चित्रपटांचे हिशेब सांभाळतो आहे, आणि पहिल्यांदा पैसे घालणाऱ्या जवळजवळ प्रत्येक माणसाचा हाच गैरसमज मी पाहिला आहे. वर्तमानपत्रात छापून येणारा कलेक्शनचा आकडा हा निर्मात्याच्या खिशात पडलेला पैसा नसतो, तो प्रेक्षकांच्या खिशातून गेलेला पैसा असतो, आणि या दोन खिशांमध्ये किती हात असतात ते एका तिकिटावर पाहू.

वाशीच्या किंवा ठाण्याच्या एखाद्या मल्टिप्लेक्समध्ये १७७ रुपयांचे तिकीट विकले गेले असे धरा. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी आहे, म्हणून २७ रुपये आधीच बाजूला होतात आणि उरलेले १५० रुपये हे ‘नेट’. (मराठी चित्रपटाला जीएसटीपूर्वी राज्यात करमणूक कर माफ होता, ती सवलत आठवून आजही काही जण हिशेब करतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.) या १५० रुपयांची वाटणी चित्रपटगृह आणि वितरक यांच्यात होते. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात मोठा संप होऊन जो तोडगा निघाला, त्यात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि त्यानंतर ३० टक्के असा ठरला, आणि मराठीतही बोलणी साधारण याच उतरत्या पायऱ्यांच्या आसपास होतात. म्हणजे पहिल्या आठवड्यात ७५ रुपये वितरकाकडे आले. त्याने स्वतःचे पैसे न घालता केवळ कमिशनवर चित्रपट घेतला असेल तर तो दहा टक्के किंवा त्याहून थोडे अधिक कापून घेणार. तुमच्या नावावर साडेसदुसष्ट रुपये उरले, आणि त्यातूनही प्रत्येक पडद्यामागे डिजिटल प्रक्षेपणाचे शुल्क निर्मात्यालाच भरायचे असते.

आता हेच दोन कोटींवर लावून पाहा. कर गेल्यावर १ कोटी ६९ लाख उरले. सगळ्या आठवड्यांचा मिळून सरासरी ४७ टक्के शेअर धरला तर साधारण ८० लाख, कमिशन गेल्यावर ७२ लाख. सव्वाशे पडद्यांचे डिजिटल शुल्क १२ लाखांच्या घरात धरा. उरले ६० लाख. शुल्काचे दर आणि कमिशन प्रत्येक करारात निराळे असते, म्हणून हे उदाहरणादाखलचे गणित समजा. पण एखाद-दुसरा टक्का इकडेतिकडे झाल्याने त्याचे चित्र बदलत नाही.

त्या उतरत्या पायऱ्यांबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण तुमच्यासारख्या चित्रपटाला खरा फटका तिथे बसतो. मोठ्या नटाच्या चित्रपटाच्या कमाईचा मोठा भाग पहिल्या तीन दिवसांत येऊन जातो, म्हणजे सगळ्यात चांगल्या टक्केवारीच्या काळात. ज्या चित्रपटाची ओळख केवळ दिग्दर्शकाची नजर हीच असते, त्याचा प्रेक्षक मात्र कोणाकडून तरी ऐकून येतो, आणि ते ऐकणे, ठरवणे आणि येणे यात आठ-दहा दिवस जातात. तोवर तुमचा वाटा साडेबेचाळीसवर आलेला असतो आणि पुढच्या शुक्रवारचे खेळ तर आठवड्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच, आधीच्या शनिवार-रविवारचे आकडे पाहून ठरून गेलेले असतात. संध्याकाळी सातचा खेळ जाऊन दुपारी बारा-चाळीसचा मिळतो, आणि तुमचा प्रेक्षक त्या वेळी कचेरीत असतो. मराठी चित्रपटांना मल्टिप्लेक्समध्ये सोयीची वेळ मिळावी म्हणून राज्य सरकारने २०१५ मध्ये भूमिका घेतली, त्याचा उपयोगही झाला. पण खेळ मिळणे आणि त्या खेळाला माणसे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट कोणताही आदेश घडवून आणू शकत नाही.

म्हणून तुमच्या अंदाजपत्रकातले ते ८ लाख मला सगळ्यात जास्त टोचले. सव्वाशे पडद्यांवर यायचे असेल तर ट्रेलर, होर्डिंग, वर्तमानपत्रे, समाजमाध्यमे आणि कलाकारांचे दौरे यांसाठी ६० लाखांहून कमी धरून चालणार नाही. हे मी अनुभवाने सांगतो आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एक चित्रपट पूर्ण केला, तो चांगला झाला होता, पण निर्मितीतच सगळे पैसे संपले आणि प्रदर्शनासाठी काही उरले नाही. ज्यांनी ते पैसे देण्याचे तोंडी कबूल केले होते त्यांनी शेवटच्या महिन्यात हात वर केले. चौदा महिने तो चित्रपट हार्ड डिस्कवर पडून राहिला आणि कर्जावरचे व्याज दर महिन्याला चालू राहिले. त्यानंतर मी स्वतःसाठी एक नियम केला: प्रदर्शनाचे पैसे वेगळ्या खात्यात जमा झाल्याशिवाय चित्रीकरणाचा पहिला नारळ फोडायचा नाही.

८ लाखांऐवजी ६० लाख धरले की तुमचा एकूण खर्च १ कोटी ८७ लाख अधिक ६० लाख, म्हणजे २ कोटी ४७ लाख झाला. हा सगळा चित्रपटगृहांतूनच वसूल करायचा ठरवले, तर वरच्याच हिशेबाने सव्वासात कोटींचे कलेक्शन लागेल. १७७ रुपयांच्या तिकिटाने चार लाखांहून अधिक माणसे. मंगळवारच्या ९९ रुपयांच्या योजनेत आलेली माणसे आणखी वेगळी मोजावी लागतील, कारण सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर कर केवळ ५ टक्के असला तरी तुमच्या वाट्याला त्यातले बेचाळीस-त्रेचाळीस रुपयेच येतात.

इथे बहुतेक जण मला ‘सैराट’चे उदाहरण देतात. २०१६ साली सुमारे चार कोटींत झालेल्या त्या चित्रपटाने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला हे खरे आहे, आणि तो नागराज मंजुळे यांचा अगदी स्वतःचा चित्रपट होता हेही खरे आहे. पण त्याच्या आधी ‘फँड्री’ येऊन गेला होता, पाठीशी मोठी वितरणसंस्था होती, आणि संगीत प्रदर्शनाआधीच गावोगाव पोचले होते. त्यावरून स्वतःच्या पहिल्या चित्रपटाचे अंदाजपत्रक बांधणे मला धोक्याचे वाटते.

आता खर्चाच्या बाजूकडे येतो, आणि इथे माझे मत बऱ्याच निर्मात्यांपेक्षा निराळे आहे. दिग्दर्शकाचा हट्ट महाग पडतो असे म्हणतात. माझ्या अनुभवात तो हट्ट दिवसांत मोजायचा असतो, वस्तूंत नाही. खऱ्या अर्थाने स्वतःची नजर असलेल्या दिग्दर्शकाला क्रेन, ड्रोन किंवा सहा व्हॅनिटी क्वचितच लागतात; त्याला वेळ लागतो, योग्य प्रकाशाची वाट पाहायची मुभा लागते, नटासोबत एखादा प्रसंग अकराव्यांदा करून पाहायचा असतो. तुम्ही २८ दिवस धरले आहेत आणि रोजचा खर्च ३ लाख, म्हणजे ८४ लाख. त्या ३ लाखांमागे साठ-बासष्ट माणसांचे युनिट आहे. ते तुमच्या कथेला लागतच नाही. कोळीवाड्याच्या दीड मीटर रुंद गल्लीत साठ माणसे उभी राहू शकत नाहीत. त्यातली चाळीस बाहेर रस्त्यावर टेम्पोशेजारी बसून राहतील, आणि त्यांचे जेवण, कन्व्हेयन्स आणि शिफ्ट मात्र चालूच राहील. युनिट अडतीस माणसांवर आणा: दोन कॅमेऱ्यांऐवजी एक, दोनच स्पॉट दादा, दिव्यांचा एक छोटा टेम्पो, आणि लहान जनरेटर. रोजचा खर्च १ लाख ९० हजारांवर येईल. मग ३४ दिवस घेतलेत तरी ६५ लाखांच्या आतच राहाल. सहा दिवस वाढले आणि एकोणीस लाख वाचले.

हे सहा दिवस तुम्हाला लागणार आहेत, आणि का ते तुमच्याच संहितेतल्या एका प्रसंगावरून सांगतो. शेवटाकडे नाखव्याची होडी सांजवेळी, काठोकाठ भरलेल्या खाडीतून, सूर्य बुडताना जेटीला लागते असे तुम्ही लिहिले आहे, आणि वेळापत्रकात त्याला सलग तीन संध्याकाळी दिल्या आहेत. कोळीवाड्यातल्या कोणत्याही जाणत्या माणसाला विचारा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमीला पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती; दुसऱ्या दिवशी ती सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि तोवर अंधार पडलेला असतो. म्हणजे पंधरवड्यात तुम्हाला हव्या त्या संध्याकाळी दोनच मिळतात, सप्तमी आणि अष्टमीची, आणि सलग तीन तर मिळतच नाहीत. दुसरी अडचण याहून मोठी आहे. अष्टमीची भरती भांगाची असते, पाणी उधाणासारखे चढत नाही. उधाण येते पौर्णिमेला आणि अमावास्येला, आणि तेव्हा भरती दुपारी बाराच्या सुमारास असते. सांजवेळ आणि काठोकाठ भरलेली खाडी या दोन गोष्टी आपल्या किनाऱ्यावर निसर्ग एकत्र देत नाही.

त्यामुळे तुम्हाला आताच ठरवावे लागेल. भांगाचे उथळ, शांत पाणी आणि त्यात चिखलाची कडा उघडी पडलेली, हे चित्र स्वीकारायचे असेल तर चित्रीकरण दोन शेड्यूलमध्ये वाटा, मध्ये पंधरा दिवसांचे अंतर ठेवा, आणि दोन्ही शेड्यूलमध्ये सप्तमी-अष्टमी येतील असे पाहा. किंवा प्रसंगच भर दुपारच्या उधाणात न्या. खरे सांगायचे तर मला पहिला पर्याय कथेला अधिक जवळचा वाटतो, कारण त्या म्हाताऱ्याच्या खाडीतले पाणी वर्षानुवर्षे कमीच होत आले आहे. पण तो निर्णय तुमचा. हिशेबाच्या बाजूने इतकेच सांगू शकतो की हा निर्णय संहितेच्या पानावर घेतलात तर त्याला पैसे पडत नाहीत, आणि जेटीवर युनिट उभे करून घेतलात तर प्रत्येक फुकट गेलेली संध्याकाळ १ लाख ९० हजारांची पडते. कांदळवनात कॅमेरा न्यायचा असेल तर त्याची परवानगी वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडून आधी घ्या; तिवरांची एक फांदीही तोडून चालत नाही.

ध्वनीवर तुम्ही साडेचार लाख धरले आहेत. ते मला कमी वाटतात. तुम्हाला सिंक साउंड, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळीच मुद्रित केलेला आवाज, हवा आहे, आणि बेलापूरला आता लोकल, उरणची गाडी आणि विमानतळ या तिघांचे आवाज आहेत. चांगला ध्वनिमुद्रक आणि त्याचे रेकीचे, म्हणजे जागेच्या पाहणीचे, दोन दिवस यांवर दीड लाख वाढवा, आणि ते दीड लाख कॅमेऱ्याच्या भाड्यातून काढा. डबिंगच्या खोलीत म्हाताऱ्याचा आवाज पुन्हा आणता येत नाही.

या बदलांनंतर, दहा टक्के आकस्मिक निधी धरून, निर्मिती १ कोटी ६६ लाखांवर येते. प्रदर्शनाची रचनाही मी निराळी करेन. सव्वाशे पडदे सोडून द्या. चाळीस घ्या, आणि ते ठाणे, डोंबिवली, वाशी, सीवूड्स, पनवेल, पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा ठिकाणी, जिथे गडकरी रंगायतन किंवा विष्णुदास भावे नाट्यगृहाला तिकीट काढून जाणारा प्रेक्षक राहतो. असा प्रेक्षक वर्तमानपत्रातले परीक्षण वाचतो आणि शेजाऱ्याला सांगतो. ३५ लाखांत हे बसू शकते. पहिल्या आठवड्यात दिवसाला दोन खेळ आणि प्रत्येक खेळाला साठ माणसे धरली, दुसऱ्या आठवड्यात पंचवीस पडदे आणि सत्तर माणसे धरली, तर तुमच्या हाती डिजिटल शुल्क जाऊन तीस-बत्तीस लाख येतात. प्रदर्शनाचा खर्चही पुरता भागत नाही. यातून अधिक काही येईल असे मी कागदावर लिहिणार नाही.

मग १ कोटी ६६ लाख कुठून यायचे? राज्य शासनाच्या अर्थसाहाय्य योजनेत परीक्षण समिती गुण देते आणि त्याप्रमाणे अ दर्जाला ४० लाख, ब दर्जाला ३० लाख असे मिळत आले आहे. तुम्ही ब दर्जा धरा, आणि ते पैसे चित्रपट पूर्ण झाल्यावर, बऱ्याच उशिरा येतात हे लक्षात ठेवा. त्या काळातले व्याज तुमचेच. वाहिन्या आणि ओटीटी यांचे हक्क विकले जातील म्हणून कोणताही आकडा आधी धरू नका. नवख्या दिग्दर्शकाच्या मराठी चित्रपटाला हल्ली अनेकदा ठोक रकमेऐवजी पाहिल्या गेलेल्या तासांवर पैसे देऊ केले जातात.

महोत्सव हा तिसरा मार्ग, आणि तुमच्या चित्रपटासाठी तो खरा आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स फंडाची मदत मिळाली, २०१४ मध्ये व्हेनिसला दोन पुरस्कार मिळाले, आणि मग एप्रिल २०१५ मध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ने २०१४ मध्ये बर्लिनला क्रिस्टल बेअर मिळवले आणि पुढच्या वर्षी तो चित्रपटगृहांत आला. दोन्हींत क्रम तोच आहे: आधी बाहेर ओळख, मग घरी प्रदर्शन. महोत्सव थेट फार पैसे देत नाहीत, पण तिथली निवड ही अशा चित्रपटाची सगळ्यात स्वस्त जाहिरात असते. गोव्यात २००७ पासून भरत आलेल्या एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) फिल्म बाजारात सहनिर्मितीचा विभाग आहे आणि अपूर्ण चित्रपटांसाठी मार्गदर्शनाची कार्यशाळाही आहे. संहिता तिथे पाठवा, आणि त्यासाठी चित्रीकरण सहा महिने पुढे ढकलावे लागले तरी ढकला.

हे सगळे जुळून आले तरी, माझ्या अंदाजाने, वर्षभरात ८० लाख ते १ कोटी परत येतील आणि उरलेले अडकून राहतील, कदाचित कायमचे. म्हणूनच मामांच्या घराबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे. दादासाहेब फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसींवर कर्ज काढले ही गोष्ट आपल्या व्यवसायात फार प्रेमाने सांगितली जाते, आणि मलाही ती प्रिय आहे. पण पॉलिसी त्यांची स्वतःची होती. निवृत्त माणसाचे राहते घर पहिल्या चित्रपटासाठी तारण ठेवू नका. मामांकडून तेवढेच घ्या जेवढे बुडाले तरी त्यांच्या औषधपाण्याला आणि जेवणाला धक्का लागणार नाही. पत्रावरून मला वाटते की तो आकडा २५ लाखांच्या पुढे जात नाही. उरलेल्यासाठी चार-पाच लहान सहनिर्माते शोधा, तुमचे आणि छायाचित्रकाराचे मानधन पुढे ढकला, आणि ते जमले नाही तर चित्रपट १ कोटी १० लाखांत कसा बसेल ते आपण पुन्हा बसून पाहू. ते अशक्य नाही. कथेत कोळीवाड्याबाहेरचे जे सात प्रसंग आहेत त्यांतले पाच मला काढता येण्यासारखे वाटतात.

पैसे परत देण्याचा क्रम करारात लिहून घ्या, नात्यातला करार असला तरी. आधी प्रदर्शनाचा खर्च, मग मामांचे मुद्दल, मग इतर सहनिर्मात्यांचे मुद्दल, मग थांबवलेली मानधने, आणि त्यानंतर जो नफा उरेल त्याची टक्केवारी. संकलनाचा शेवटचा शब्द तुमचा, हेही त्याच करारात यायला हवे, आणि त्यासमोर चित्रपटाची जास्तीत जास्त लांबी आणि चित्रीकरणाचे जास्तीत जास्त दिवस हे दोन आकडे तुम्ही स्वतःहून लिहून द्या. सहनिर्माते तो हक्क मान्य करायला कचरतात ते बहुतेक वेळा तुमच्या दृष्टीवर अविश्वास असतो म्हणून नव्हे, तर खर्चाला शेवट कुठे आहे हे त्यांना दिसत नाही म्हणून.

पुढच्या आठवड्यात पंचांग आणि भरतीचे छापील तक्ते घेऊन दिवाळ्याच्या जेटीवर एक सप्तमी आणि एक अष्टमी संध्याकाळी उभ्या राहा. छायाचित्रकाराला सोबत न्या, आणि मामांनाही. पाणी कुठवर येते ते पाहून वेळापत्रक नव्याने मांडा आणि मला पाठवा; रोजच्या खर्चाचा तक्ता मी त्यावरून करून देईन.